आकाश निरभ्र, मग रडारवर हे निळं-हिरवं काय?

उन्हाळ्यात टेक्सासमध्ये नवीन आलेल्या मंडळींचा हमखास प्रश्न: ऊन पडलंय, ढग नाही, तरी फोनवर न्यू ब्राउनफेल्सच्या रडारभोवती निळं-हिरवं वर्तुळ का? पाऊस नाही तो. बहुतेक किडे असतात.

इथली रडारं साधारण 10 सेंटीमीटर तरंगलांबीची. पावसात सगळ्या उंचीच्या कोनांवरची एक पूर्ण फेरी चार-सहा मिनिटांत उरकते. निरभ्र वेळी सात ते दहा मिनिटं घेतात. अँटेना सावकाश फिरली की प्रत्येक दिशेला जास्त स्पंदनं जातात आणि क्षीण परावर्तनही हाती लागतं. वर्तुळाला कड असते, कारण सर्वांत खालचा झोतही जमिनीशी अर्धा अंश कोन करून वर जातो. 100 किलोमीटरवर तो जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर वर जातो आणि किडे खालीच राहतात.

तापमान-बाष्पातल्या बारीक चढउतारांमुळे खुद्द हवाही थोडं परावर्तन देते, पण या तरंगलांबीला ते फार क्षीण. त्यासाठी तिरुपतीजवळच्या गादंकीसारखं 53 मेगाहर्ट्‌झचं, म्हणजे सुमारे 5.7 मीटर तरंगलांबीचं रडार लागतं.

किड्यांना नावं ठेवू नका. छोटे किडे बहुतांशी वाऱ्याबरोबर वाहतात, म्हणून त्यांच्या वेगावरून वाऱ्याचा वेग काढता येतो. ह्यूस्टनला खाडीवरचा वारा दुपारी आत शिरतो, तेव्हा दोन हवांच्या सीमेवर किडे गोळा होतात आणि पडद्यावर एक बारीक रेघ सरकताना दिसते. आधीच्या वादळातून बाहेर पसरलेल्या थंड हवेची अशीच दुसरी रेघ तिला छेदली, तर त्या जागेवर नजर ठेवा. गडगडाट तिथेच सुरू होण्याची शक्यता जास्त.

घोळ होतो वसंतातल्या रात्री. उत्तरेकडे निघालेले पक्षी स्वतःच्या बळावर उडतात, त्यामुळे दक्षिणेचा वारा आहे त्याहून जोरदार भासतो. अशा वेळी कोरिलेशन कोएफिशियंट (आडव्या आणि उभ्या लहरींचं परावर्तन किती जुळतं ते सांगणारा आकडा) उघडा: पावसाला तो सहसा 0.95 च्या वर, पक्षी-किड्यांना बऱ्याचदा 0.8 च्याही खाली. अमेरिकी हवाई दल याच रडारांच्या नोंदींवरून वैमानिकांना पक्ष्यांच्या धोक्याची सूचना देतं. संध्याकाळी सॅन अँटोनिओच्या उत्तरेला फुगत जाणारं कडं दिसलं, तर ती ब्रॅकन गुहेतून बाहेर पडणारी लाखो वटवाघळं.

पहाटे जमिनीलगत थंड हवा साचली की झोत खाली वाकतो आणि टेकड्या, इमारती पावसासारख्या दिसतात. वेगाच्या नकाशावर तिथे शून्याच्या आसपास आकडा असेल आणि ठिपका जागचा हलत नसेल, तर छत्री घेऊ नका.