एकोणतिसावा स्फोट

एजीएस-17 या ग्रेनेड लाँचरचे, म्हणजे छोटे स्फोटक गोळे फेकणाऱ्या हत्याराचे फायरिंग असले की रेंजवरच्या सेफ्टी पार्टीचे डोळ्यांपेक्षा कानांनीच जास्त काम चालते. एका पट्ट्यात 29 गोळे असतात. जेवढे सुटले तेवढे फुटले पाहिजेत आणि हा हिशेब जुळेपर्यंत लक्ष्याच्या भागात कोणाला पाऊल टाकू दिले जात नाही. पायदळातल्या नोकरीत हे काम माझ्याकडे अनेकदा आले, पण हिशेबावरून खरा वाद झाल्याचा एक दिवस विशेष लक्षात आहे.

30 मिलिमीटरचे हे स्वयंचलित हत्यार मूळ सोव्हिएत बनावटीचे असून आपल्याकडे ते तिरुचिरापल्लीच्या आयुध कारखान्यात तयार होते. हत्यार 18 किलोचे, तिपाई 12 किलोची आणि गोळ्यांचा पट्टा भरलेला ड्रम जवळपास 15 किलोचा, त्यामुळे चढावर कोणी काय उचलायचे यावरून डिटॅचमेंटमध्ये, म्हणजे हत्यार चालवणाऱ्या टोळीत, कुरबुर ठरलेलीच. तरीही 1999 मध्ये कारगिलच्या डोंगरांत ते नेले गेले, कारण रायफलची गोळी दगडी मोर्चावर अडते, तर हा गोळा कमान घेऊन मोर्चाच्या मागे उतरतो.

त्या दिवशी लक्ष्य एका टेकाडापलीकडच्या नाल्यात, सुमारे 1200 मीटरवर होते. एवढ्या अंतरावर गोळा सुटल्यापासून स्फोटाचा आवाज कानी येईपर्यंत दहा सेकंदांहून अधिक वेळ जातो. ट्रिगरवरचा जवान नवा होता. पहिला बर्स्ट, म्हणजे सलग सोडलेल्या गोळ्यांची फैर, हवेत असतानाच त्याने दुसरा सोडला आणि दोन्हींचे आवाज टेकाडाच्या प्रतिध्वनीत मिसळले. मोजणाऱ्या दोघांपैकी एकाने 29 सांगितले, दुसऱ्याने 28. गोळा कुठे न आपटता राहिला तरी सुमारे 25 सेकंदांनी आपोआप फुटावा अशी सोय फ्यूजमध्ये, म्हणजे स्फोट घडवणाऱ्या यंत्रणेत, असते, त्यामुळे काही जण 29 वर अडून बसले. मी कमी आकडा धरला आणि फायरिंग थांबवले.

तेवढ्यात हद्दीवरच्या संतरीचा रेडिओवर निरोप आला. लाल झेंड्याबाहेर भंगार वेचणारा एक म्हातारा आमचे काम संपायची वाट पाहत बसला होता आणि त्याचे म्हणणे होते, "एक फुटला नाही, साहेब. पाण्याकडचा." स्फोटांची मोजदाद तोही आमच्याइतक्याच काटेकोरपणे करत होता; त्याचे पोट आणि जीव दोन्ही त्यावर अवलंबून होते. गावात लावलेल्या सूचनाफलकांचा अशा माणसांवर काही परिणाम होतो, असे मला कधीच वाटले नाही.

ठरलेला वेळ जाऊ दिल्यावर शोध घेतला, तेव्हा ब्लाइंड, म्हणजे न फुटलेला गोळा, खरोखरच नाल्याच्या काठी चिखलात नाक खुपसून पडलेला सापडला. त्याच्या अंगावर नळीतल्या आट्यांचे तिरपे ओरखडे स्पष्ट दिसत होते. म्हणजे तो नळीतून फिरत सुटला होता आणि फ्यूज जागा होऊन स्फोटाला तयार झालेला असणार, असेच धरायला हवे होते. असा गोळा हलवायचा नसतो. प्रशिक्षित पार्टीने तो जागच्या जागी उडवला.

नोंदवहीत 29 लिहून मी सही केली. म्हाताऱ्याला संध्याकाळपर्यंत आत सोडू नये, असे संतरीला बजावले. त्यावर तो बराच वेळ आमच्याशी भांडला. पुढच्या डिटॅचमेंटला हुकूम दिला, की आधीच्या बर्स्टचा शेवटचा गोळा फुटल्याचे मोजणाऱ्याने हात वर करून सांगितल्याखेरीज ट्रिगरला बोट लावायचे नाही.