तुम्ही विचारलंत म्हणून: हा शंख खरा दक्षिणावर्ती आहे का?

प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले, तरी शंखांचे फोटो येणे थांबलेले नाही आणि त्यांच्याखालचा प्रश्नही बदललेला नाही. म्हणून एकदा लिहूनच ठेवते.

देवघरातला शंख म्हणजे टर्बिनेला पायरम या समुद्री गोगलगायीचे कवच. मन्नारच्या आखातात, तुतिकोरिन-रामनाथपुरमच्या किनाऱ्यालगत ती वाळूत अर्धवट रुतून राहते आणि वाळूतले कृमी खाते. फुंकण्याच्या बाजूचा शेंडा वर आणि तोंड, म्हणजे बाजूची लांबट फट, आपल्याकडे करून शंख धरला, तर ते तोंड उजवीकडे येते. डावीकडे यावे असा जीव अतिशय विरळा, कारण पीळ कोणत्या बाजूला जाणार हे अंड्यातल्या पेशींच्या पहिल्या काही विभाजनांतच ठरून गेलेले असते. शास्त्रात हा डाव्या पिळाचा, पण या विरळ शंखालाच आपण दक्षिणावर्ती म्हणतो. बाजारात तो ढिगाने मिळतो याचे कारण मेक्सिकोच्या आखातात सापडणारी वेगळीच एक गोगलगाय. तिची जवळजवळ सगळीच कवचे डाव्या पिळाची असतात आणि तीच दक्षिणावर्ती म्हणून विकली जातात. टेक्सासने १९८७ साली तिला राज्याचा शंख ठरवले. आपल्या शंखाच्या तोंडात बोट घातले तर मधल्या खांबावर तीन-चार ठळक वळ्या लागतात. अमेरिकन कवचात तो खांब गुळगुळीत असतो.

माझ्या मामींनी वास्तुशांतीच्या दिवशी, पाहुण्यांसमोर, लाल वस्त्रातला शंख माझ्या हातात दिला. त्यासाठी त्यांनी पाटल्या मोडल्याचे मला आधीच कळले होते. मी बोट घातले, वळ्या नव्हत्या. "मामी, हा अमेरिकेतला आहे," असे मी म्हटले, आणि ते हळू आवाजात म्हटले असले तरी खोली शांत झाली. मामी चिडल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "मग आता याचं मी काय करू?" ओळखण्याचे शास्त्र मला येत होते, पण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांनी तो पुन्हा देवघरात ठेवला आणि त्यानंतर मला कधीही काही दाखवले नाही.

खरे सांगण्यात गैर काय, असे तेव्हाची मी अजूनही मला ठणकावते, आणि ते मला खोडता येत नाही. तरीही आता मी आधी विचारते, "घेतलाय की घ्यायचाय?" घ्यायचा असेल तर वळ्यांचे सांगते. घेतलेला असेल तर कधी सांगते, कधी फोटो स्पष्ट नाही म्हणते. हा भित्रेपणा आहे असे कुणी म्हटले तर मी वाद घालणार नाही.

राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. वामावर्ती असो वा दक्षिणावर्ती, आत एक जीव होता, हे कुणी विचारत नाही. मादी वाळूत शिंगासारखी पिळदार अंडमाळ रोवते आणि पिल्ले प्रवाहाबरोबर दूर न जाता तिथेच रांगत बाहेर पडतात. म्हणून एखाद्या पट्ट्यातले शंख उपसून संपवले, तर तो पट्टा पुन्हा भरायला फार वेळ लागतो. फोटोबरोबर हेही कुणी विचारले, तर मी रात्री अकरालाही उत्तर देईन.