डग्ग्याचा नाद आणि पॉवर अ‍ॅम्प्लिफायरची निवड

आमच्या कोथरूडच्या घरातील, स्पीकरला ताकद पुरवणारा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर मागच्या पावसाळ्यात कायमचा बंद पडला. त्याचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता आणि दुरुस्तीचा खर्च त्याच्या किमतीच्या जवळ जात होता, म्हणून नवा घेण्याचे ठरले. वडिलांच्या काळापासूनचा व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) प्रीअँप, म्हणजे सीडी प्लेअर आणि पॉवर अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामधले आवाजाचे बटण असलेले यंत्र, मात्र मला बदलायचा नव्हता, आणि बुकशेल्फ स्पीकरही माझ्या आवडीचे होते. म्हणजे शोधायचा होता तो या दोघांच्या मधोमध बसणारा अ‍ॅम्प्लिफायर. त्या शोधात मला जे कळले ते सविस्तर लिहीत आहे, कारण दुकानात गेल्यावर चर्चा होते ती केवळ वॅटची.

वॅटचा हिशोब मी आधीच करून ठेवला होता. माझ्या स्पीकरची संवेदनशीलता ८६ डेसिबल आहे, म्हणजे एका वॅटला एक मीटर अंतरावर तेवढा आवाज. (बरेच उत्पादक हा आकडा २.८३ व्होल्टला देतात. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये तो एक वॅट होतो, पण ४ ओहमच्या स्पीकरमध्ये दोन वॅट, त्यामुळे ४ ओहमचा स्पीकर कागदावर ३ डेसिबलने अधिक चांगला दिसतो.) मी पावणेतीन मीटरवर बसते. अंतरामुळे होणारी घट आणि दोन स्पीकर व भिंती मिळून होणारी भर धरली, तर माझ्या आसनापाशी एका वॅटला ८० डेसिबलच्या आसपास आवाज पोहोचतो, आणि घरात खयाल ऐकायला सरासरी एवढा आवाज पुष्कळ होतो. मात्र तबल्याची थाप क्षणभर त्या सरासरीच्या १५ डेसिबल वर सहज जाते, आणि १५ डेसिबल म्हणजे ३२ पट वॅट. थोडी मोकळीक ठेवून ६० ते १०० वॅट मला पुरणार होते. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाच्या मंडपात हजारो श्रोत्यांपर्यंत आवाज पोहोचवावा लागतो. आमच्या बारा बाय सोळा फुटांच्या खोलीला ती गरज नाही. शिवाय वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणून ८० आणि १०० वॅटमधील फरकासाठी जास्त पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही.

तरीही पहिली निवड चुकली. एका विक्रेत्याने आठवडाभर ऐकण्यासाठी १५० वॅटचा क्लास डी (ट्रान्झिस्टर अतिवेगाने चालू-बंद करणाऱ्या पद्धतीचा) अ‍ॅम्प्लिफायर घरी दिला. तो हलका होता, तापत नव्हता, आणि त्याचा आवाज स्वच्छ होता. पण दोन गोष्टी पहिल्याच संध्याकाळी खटकल्या. तानपुरा सुरू होण्यापूर्वीच्या शांततेत स्पीकरमधून बारीक सूं आवाज येत होता, आणि डग्ग्याचा घुमारा, तळहाताच्या दाबाने वर चढणारा तो भरलेला नाद, कोरडा झाला होता.

पहिल्या दोषाचे कारण अ‍ॅम्प्लिफायरच्या माहितीपत्रकातच होते. त्याचा गेन ३२ डेसिबल, म्हणजे आलेला व्होल्टेज ४० पट होणार. माझा प्रीअँप स्वतःच सुमारे पाचपट वाढ करतो आणि सीडी प्लेअर कमाल २ व्होल्ट देतो. हे सगळे एकापुढे एक जोडल्यावर प्रीअँपचा स्वतःचा सूक्ष्म खरखराटही ४० पट होऊन स्पीकरपर्यंत जात होता, आणि आवाजाचे बटण घड्याळातल्या आठच्या पुढे नेता येत नव्हते. त्या बटणामागच्या जुन्या कार्बन पोटेन्शिओमीटरचे (कमीजास्त करता येणाऱ्या रोधाचे) दोन्ही चॅनल त्या सुरुवातीच्या भागात सारखे चालत नाहीत, त्यामुळे गायकाचा आवाज मध्यभागातून किंचित डावीकडे सरकला होता.

डग्ग्याचे कोडे मात्र मला सुटेना. शेवटी प्रीअँप घेऊन इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीजवळच्या एका जुन्या कारागिरांकडे गेले. त्यांनी झाकण उघडले, आउटपुटचा कपॅसिटर दाखवला आणि म्हणाले, "ताई, हा ०.२२ मायक्रोफॅरडचा आहे. पुढच्या मशिनचा इनपुट किती किलोओहमचा आहे ते आधी बघा." क्लास डी यंत्राचा तो १० किलोओहमचा होता. कपॅसिटर आणि पुढचा रोध मिळून खालच्या स्वरांना गाळणारी चाळणीच तयार होते. प्रीअँपचा स्वतःचा २ किलोओहमचा आउटपुट इम्पीडन्स (बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा रोध) धरला तर ६० हर्ट्झलाच पातळी ३ डेसिबलने उतरत होती. तोच इनपुट ४७ किलोओहमचा असता, तर ही उतरण १५ हर्ट्झच्या जवळ, म्हणजे डग्ग्याच्या कितीतरी खाली गेली असती. दोन्ही यंत्रे निर्दोष होती, त्यांची जोडी जमत नव्हती. पुढच्या यंत्राचा इनपुट इम्पीडन्स मागच्याच्या आउटपुटच्या किमान दहापट असावा, हा नियम मी वाचलेला होता, पण ट्रान्झिस्टरच्या प्रीअँपमध्ये तो बहुधा आपोआप पाळला जात असल्याने त्याकडे माझे लक्षच गेले नव्हते.

उरला स्पीकरचा इम्पीडन्स. पाठीमागे ६ ओहम छापलेले असले, तरी काही कंप्रतेला तो ३.६ ओहमपर्यंत उतरतो. ८ ओहममध्ये ६० वॅट देताना अ‍ॅम्प्लिफायर सुमारे २२ व्होल्ट आणि पावणेतीन अँपिअर देतो. तेच २२ व्होल्ट ३.६ ओहमवर टिकवायचे, तर सहा अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह लागतो. म्हणून ८ ओहमच्या आकड्याशेजारी ४ ओहमचा आकडा पाहावा. तो दुपटीच्या जितका जवळ, तितका वीजपुरवठ्याचा भाग दमदार. जिथे ४ ओहमचा आकडाच दिलेला नव्हता, ते अ‍ॅम्प्लिफायर मी यादीतून काढून टाकले.

अखेर घेतला तो क्लास एबी, म्हणजे पारंपरिक पद्धतीचा, आहे: ८ ओहममध्ये ८० वॅट, ४ ओहममध्ये १४०, गेन २६ डेसिबल, इनपुट ४७ किलोओहम. बटण आता दहा ते अकराच्या दरम्यान राहते आणि गायक मध्यभागी आला आहे. विलंबित एकतालात डग्गा पुन्हा घुमू लागला, तेव्हा मी तीच सीडी तीनदा लावली. हे यंत्र तापते, त्यामुळे बंद कपाटातून ते उघड्या फळीवर आणले असून वर वीतभर जागा मोकळी ठेवली आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तासभर वाजवून झाकण किती तापते ते पाहीन आणि गरज पडल्यास फळी खिडकीच्या बाजूला हलवीन.