पावणेदोन

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा. वह्या तपासून मान आखडलीय, पण आजचं लिहून ठेवतेच.

सातवी, सेमी इंग्रजी, फ्रॅक्शन्स. फळ्यावर १ १/२ आणि १ ३/४ लिहिलं, विचारलं मोठं कुठलं, तर अर्धा वर्ग पंख्याकडे बघतोय. मागच्या आठवड्यात पिझ्झाचे प्रिंटआउट काढून तुकडे केले होते, पोरं पिझ्झाच्या गप्पांत रमली आणि गणित तिथंच राहिलं. आज वैतागून म्हटलं, अरे दीड किलो कांदे जास्त की पावणेदोन किलो? तर जिच्या आईची जांभळी नाक्याला भाजीची गाडी आहे ती पोरगी हात वर न करताच, "पावणेदोन! काय टीचर!" मग म्हटलं ६० रुपये किलोने पावणेदोनचे किती, मी मनात सात छेद चार गुणिले साठ मांडतेय तोवर हिचे १०५ आलेसुद्धा. कसे काढलेस? "दोन किलोचे १२०, त्यातनं पावकिलोचे १५ गेले."

पाव उणे दोन. शब्दातच रीत आहे की हो! आणि इतकी वर्षं शिकवतेय तरी माझ्या डोक्यात आलं नाही. आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊणचे पाढे, घडाघडा म्हणायचे, आम्ही हसायचो त्यांना.

लगेच हुरळायला नको पण. घोडबंदर रोडच्या कॉम्प्लेक्समधला एकजण उठला, "पावणेदोन म्हणजे टू पॉइंट टू फाइव्ह ना?" त्याच्या घरी भाजी ॲपवरून येते, २५० ग्रॅमच्या पाकिटात, तो कशाला पावणेदोन म्हणेल. त्याला घड्याळ दाखवलं, पावणेदोन वाजता मोठा काटा कुठे, तर नऊवर, मग ४५ मिनिटं म्हणजे तासाचा कितवा भाग यावर बेल होईपर्यंत नुसता कल्ला. शेजारच्या वर्गातल्या मॅडम दोनदा डोकावून गेल्या.

आत्ता त्या पोरीची वही समोर आहे. तेच गणित, सात छेद चार लिहून खोडलंय, खाली पेन्सिलीने फक्त १०५. स्टेप्स नाहीत. बरोबरची खूण केली खरी, पण युनिट टेस्टला तिने असंच लिहिलं तर तीनपैकी किती द्यायचे?