दोमिएचे लँडस्केपवाले, किचन लिथो अपडेट

तर शेवटी फॉइलवर शाई चढली. ज्यांना मागचं माहीत नाही त्यांच्यासाठी, मी फ्रेंच व्यंगचित्रकार ओनोरे दोमिएचं १८६५ चं एक लिथो (दगडावर तेलकट क्रेयॉनने काढून छापलेलं चित्र) घरी फॉइलवर कॉपी करतोय, पॅरिसच्या 'ल शारिवारी' या व्यंगचित्रांच्या पेपरात आलेलं, दोन लँडस्केपवाले, म्हणजे निसर्गचित्रं काढणारे पेंटर, एकामागे एक बसलेत आणि खाली लिहिलंय की पहिला निसर्गाची कॉपी करतोय, दुसरा पहिल्याची. तिसरा नंबर माझा, घरचे ऐकवतातच.

स्कॅन निवडताना पाठ कोरी असलेल्या प्रिंटचा घ्या, पेपरातल्या प्रतींमध्ये मागच्या पानाचा मजकूर आरपार दिसतो आणि नेमका चेहऱ्यावर येतो.

पद्धत तीच, लिथोला लागतो तो जर्मनीतल्या सोल्नहोफेनचा चुनखडी दगड कुठून आणणार, म्हणून अॅल्युमिनियम फॉइल, लिथो क्रेयॉन, वरून कोक. त्यातलं फॉस्फोरिक अॅसिड कोऱ्या फॉइलवर काम करतं आणि तो भाग पाणी धरून ठेवतो, मग खाद्यतेलाने क्रेयॉन पुसायचं, चित्र जवळजवळ गायबच होतं, पण ओला स्पंज फिरवून तेलाच्या शाईचा रोलर मारला की ओला भाग शाई घेत नाही, क्रेयॉनचा भाग घेतो आणि चित्र हळूहळू परत वर येतं. हा भाग कितीदा केला तरी भारी वाटतो राव.

खरी मारामारी ग्रेची आहे. दगडाला दाणा असतो, क्रेयॉन त्यावर बारीक ठिपक्यांत तुटतं आणि दोमिएचा तो मखमली ग्रे तिथून येतो, फॉइल गुळगुळीत त्यामुळे सगळं एकतर काळं नाहीतर कोरं. सध्या आधी बारीक पॉलिश पेपर अगदी हलका फिरवतोय आणि सावल्या दाबून भरण्याऐवजी हॅचिंगने (जवळजवळ ओढलेल्या बारीक रेषांनी) घेतोय, झाडांखालचा अंधार आता बरा दिसतो, मागच्या पेंटरचा कोट अजून ढिम्मच आहे.

ट्रेसिंग मुद्दाम नाही केलं. ज्या माणसाने जवळजवळ ४००० लिथो काढले, तेही पेपरच्या डेडलाइनवर, त्याची रेष गिरवली की मरते, त्यापेक्षा फोनवर इमेज आडवी फ्लिप करून (छापल्यावर चित्र उलटं येतं म्हणून) समोर ठेवायची आणि बघून धडाधड काढायचं, थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल.

यानंतर दोमिएचंच १८६२ चं, फोटोग्राफर नादारवालं घ्यायचंय, बलूनमधून फोटो काढणारा. पण त्यात खालच्या पॅरिसभर इमारतींवर 'फोटोग्राफी' लिहिलंय आणि ती सगळी अक्षरं उलटी काढावी लागणार, फॉइलवर ट्रान्सफर पेपर (ज्यावर सुलट काढून चित्र फॉइलवर उतरवतात) कोणी वापरलाय का, ग्रीस नीट उतरतं का?