पपनसाच्या सरबताचा पेला

बडोद्यात चार दिवस होते. लक्ष्मी विलास पाहिला, कीर्तिमंदिर पाहिलं, मांडवीच्या गर्दीत तासभर घुसमटले. उरलेला सगळा वेळ दांडिया बाजारात आत्याच्या झोपाळ्यावर गेला आणि त्याची मला अजिबात खंत नाही.

निघताना मी एक जाडजूड गठ्ठा बरोबर घेतला होता. १८७५ साली बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर विषप्रयोगाच्या आरोपाची चौकशी झाली, तेव्हा मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत साक्षी सविस्तर छापून येत असत. त्या पानांच्या छायाप्रती. अक्षर मुंगीएवढं, पण एकदा वाचायला लागलं की उठवत नाही.

प्रकरण असं. ९ नोव्हेंबर १८७४ची सकाळ. बडोदा दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, कर्नल फेअर फिरून परतले आणि रोजच्यासारखा पपनसाच्या सरबताचा पेला हातात घेतला. दोन-तीन घोट घेतले, बरं वाटेना. पपनसच खराब निघालं असेल म्हणून उरलेलं सरबत त्यांनी फेकून दिलं. पेला खाली ठेवताना तळाशी काळपट गाळ दिसला. त्यांनी डॉक्टर सीवर्डना बोलावलं. तपासणीत सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, निघाला आणि हिऱ्याची पूडही.

सगळं प्रकरण त्या चमचाभर गाळावर उभं राहिलं. रेसिडेन्सीतल्या नोकरांना पैसे देऊन महाराजांनीच विष घालवलं, असा आरोप. जानेवारीत महाराजांना अटक झाली. फेब्रुवारी-मार्चमध्ये सहा जणांच्या आयोगापुढे चौकशी चालली: कौच, मीड, मेलव्हिल हे तीन इंग्रज आणि ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह, सर दिनकरराव हे तीन आपले. महाराजांच्या बाजूने विलायतेहून वकील सार्जंट बॅलंटाइन आले.

ज्या गाइडबरोबर मी शहर फिरले त्याने मल्हाररावांना एका वाक्यात संपवलं, ‘सोन्याच्या तोफा ओतवणारा उधळ्या राजा’. मला राग आला. तोफा ओतवल्या हे खरं, कारभारही वाईट होता. पण चौकशी विषाची होती, तोफांची नव्हे. शिवाय फेअरना इथून हलवा, असा खलिता महाराजांनी त्या सकाळच्या आठवडाभर आधीच, २ नोव्हेंबरला, व्हाइसरॉयना धाडला होता. ज्याला बदली हवी आहे तो उत्तर येण्याआधी विष कशाला घालील?

आत्याला मी हे वाचून दाखवलं. ती मटार सोलत होती. "आमच्याकडे सगळे हेच म्हणायचे," ती म्हणाली. "महाराजांना अडकवलं. पण तू नोकरांचं वाच ना. राजेलोकांचं ठाऊक आहे."

तिचं म्हणणं खरं होतं. या पानांचा जीव नोकरांच्या बोलण्यात आहे. हवालदार रावजी, जमादार नरसू, बटलर पेद्रू, आया अमीना. एरवी या माणसांचं नावसुद्धा कुठे छापून आलं नसतं. इथे त्यांच्या तोंडचे प्रश्नोत्तरांचे स्तंभच्या स्तंभ आहेत: वाड्यावर कोण कोण गेलं, पैसे कुणी दिले, पुडी कुणी दिली. रावजीच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली ती मुंबई पोलिसांच्या अकबर अलींना. ती आधीपासून तिथे होती की नंतर आली, यावर बॅलंटाइननी जोर दिला. रावजीला माफीचं वचन मिळालं होतं. नरसूला तेही नाही. कबुलीनंतर त्याने रेसिडेन्सीच्या आवारातल्या विहिरीत उडी टाकली. लोकांनी बाहेर काढलं आणि नंतर तो साक्षीला उभा राहिला.

हे वाचताना माझा आवाज बसला. मी थांबले. आत्याचे हातही थांबले होते.

शेवटी आयोग दुभंगला. तीन इंग्रजांच्या मते महाराज दोषी, आपल्या तिघांच्या मते आरोप शाबीत नाही. तरी एप्रिलमध्ये गादी गेलीच. जाहीरनाम्यात कारण दिलं गैरकारभाराचं, विषाचं नव्हे. मल्हाररावांना मद्रासला नेलं आणि १८८२ साली ते तिथेच वारले. इकडे मल्हाररावांच्या थोरल्या भावाच्या, खंडेरावांच्या विधवा जमनाबाईंनी कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला, तेच सयाजीराव. ज्या बडोद्याचं आपण कौतुक करतो ते त्यांचं. ते कौतुक मीही करते. पण त्याची सुरुवात या पेल्यापासून झाली, हे शहरात कुणीतरी सांगायला हवं.

तिसऱ्या दिवशी गायकवाडांचा जुना वाडा, नजरबाग, शोधत गेले. आता वाडा नाही, पाडून टाकलाय. मी पाच मिनिटं उभी राहिले. एक रिक्षावाला दोनदा विचारून गेला, "बेन, क्यां जवुं छे?"

निघायच्या आदल्या रात्री आत्याने चष्मा लावून ती पानं स्वतः वाचायला घेतली. इंग्रजी तिला सवयीचं नाही, बोट ठेवून ओळ ओळ वाचत होती. नरसूच्या पानावर फार वेळ लागला.

"विहिरीतून काढल्यावर त्याला कुणी कोरडं धोतर तरी दिलं का गं?"

मी प्रत हातात घेऊन वरपासून खालपर्यंत पाहिली. माझ्याजवळच्या पानावर ते नव्हतं.

आत्याने पानं नीट दुमडून माझ्या पिशवीत ठेवली आणि वाटेत खायला बांधलेला लिलो चिवडा त्यावर ठेवू नकोस, तेल लागेल, म्हणून बजावलं.