बॅटरी नसलेले क्वार्ट्झ घड्याळ

आज एका घड्याळांच्या दालनात ग्रँड सेको या जपानी ब्रँडचे स्प्रिंग ड्राइव्ह घड्याळ प्रथमच हातात घेतले आणि त्याचा सेकंदकाटा टिकटिक न करता तबकडीवरून अखंड सरकताना पाहत बराच वेळ उभा राहिलो. या घड्याळाला ऊर्जा मिळते ती गुंडाळलेल्या स्प्रिंगमधूनच. मात्र यांत्रिक घड्याळातील एस्केपमेंटच्या, म्हणजे स्प्रिंगची ऊर्जा टप्प्याटप्प्याने सोडणाऱ्या भागाच्या, जागी येथे सेकंदाला ८ फेरे घेणारे एक चक्र असते, त्याच्या फिरण्यातून अत्यल्प वीज निर्माण होते, त्या विजेवर नियमित कंपनांनी वेळेचे माप देणारा क्वार्ट्झ स्फटिक आणि चिप चालतात आणि चक्राची गती वाढू लागली की चिप त्याला चुंबकीय ब्रेक लावते. बॅटरी कुठेच नाही! तरीही अचूकता दिवसाला अधिक-उणे १ सेकंद.

योशिकाझु अकाहाने या अभियंत्याला ही कल्पना १९७७ मध्ये सुचली. पहिले घड्याळ बाजारात आले १९९९ मध्ये, आणि त्याच्या आदल्याच वर्षी त्यांचे निधन झाले होते, ही गोष्ट मनाला फार लागली. मनगटावरच्या चकाकत्या पडद्यांचे कौतुक जरूर व्हावे. पण जपानमधील शिओजिरीच्या कार्यशाळेत जुळवल्या जाणाऱ्या या यंत्रातली, कोणाच्या दृष्टीस न पडणारी चिप मला त्यांहून अधिक धाडसी वाटते.